टिकवणं

बस इथे, तेक्ले, खिडकीकडे तोंड कर.
लिफ्टमध्ये नाणं टाकलं तरी ती चौथ्यावरच अडकली,
पुढचे मजले चढून आलेय.
हात थरथरला तर त्यामुळे.
माझं वय काढू नकोस.

आधी ओठ कोरडे कर.
रात्री साय लावलीस, मध लावलास, ते सगळं पूस.
तेल हा रंगाचा वैरी,
आणि आज टेबलावर वैऱ्यांचीच पंगत आहे:
आक्रोडाच्या वाटणातली वांगी, लोणी ओघळणारी खाचापुरी,
वर तुझ्या सासरचा तो तमादा,
पेला उंचावून एकेकाच्या सात पिढ्या काढणारा.
तो शिंगातून पाजेल.
शिंगाची कड रंग खाते.
ओठ टेकवायचे नाहीत.
कोंबडीसारखी मान वर करून घशात ओतायचं.

आता पेन्सिल. नुसती कडेने नाही,
सगळा ओठ भर,
रंगाआधी भिंतीला चुना देतात तसा.
मग पहिला हात.
टिशू ओठांत धर. दाब. सोड.
कागदावरून चिमूटभर पावडर.
दुसरा हात.
आता दोन मिनिटं तोंड मिटून.
मीच बोलते.

आमच्या वेळी प्रश्न उलटा होता, पोरी.
दिवसभर कशी टिकेल, असं कुणी विचारत नव्हतं.
हिवाळाभर कशी टिकेल, ते बोला.
वीज नाही, गॅस नाही, पहाटे चारला पावाची रांग,
आणि या जिन्यात तीन बायकांत एक लिपस्टिक:
नुनू, मी, आणि तुझी आई.
नळीवर कसलं तरी फुलाचं नाव होतं.
मेणबत्तीपुढे सगळे रंग बिटाचेच.
बुडाला गेली तेव्हा आगकाडीने कोरायला लागलो,
गुल मोडून, उलट्या टोकाने.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना,
आमची काडी खरीखुरी होती.

जिची गरज मोठी, तिचा तो दिवस.
नुनूला शाळेत थकलेला पगार मागायचा असे.
मला गुरुवारी इस्पितळात जायचं असे,
त्याला वाटावं घरी सगळं ठीक आहे.
तुझी आई रांगेत लावायची.
अंधारात कोण बघतंय, त्सिउरी?
पाववाला बघतो, म्हणायची.
कधीकधी एक पाव जास्त आणायची.
मी विचारलं नाही.
निम्मा खाल्ला.

मग ती थेसालोनिकीला निघाली,
कुणा म्हातारीची सेवा, वर्षभराचं काम.
तू चार वर्षांची, माझ्या मांडीवर झोपलेली.
रॉकेलच्या स्टोव्हवर नळी शेकून
खरवडून खरवडून काढली आम्ही.
एका ओठापुरती निघाली.
खालच्या.
वरचा तिने त्याच्यावर दाबून रंगवला.

जाताना तुझा मुका घेतला नाही तिने.
रंग जाईल म्हणून नाही गं,
तू जागी होशील म्हणून.
निदान मी तुला तसंच सांगत आले.

वर्षभराचं काम, एकवीस वर्षं चाललंय.
ती म्हातारी गेली, दुसरी आली,
आता तिसरीचे पाय चेपते.
कागद काही आले नाहीत.

हलू नकोस, अजून मिनिट आहे.
छान बसतोय रंग.
उद्या पहाटे वाटीभर खाशी सूप प्यायलीस
तरी जागचा हलणार नाही.
पर्समध्ये नळी ठेवत नाही, गरज पडणार नाही.
एक काडी ठेवते.
हसू नकोस म्हटलं ना.

फोन थरथरतोय.
तीच असणार, तिच्याकडे घड्याळ एक तास मागे,
सुट्टी मागून बसली असेल,
त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात, स्वतःही रंगवून.
थांब, दोन मिनिटं झाली नाहीत अजून.

जाऊ दे. उचल.
बोल.